शाळेच्या वेळेतला अभ्यासाचा तास: देखरेख किती, मोकळीक किती?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापिकांनी विचारलं आहे: आठवी ते दहावीच्या मुलांना शाळेच्या वेळेतच अभ्यासासाठी तास द्यायचा विचार आहे. शिक्षक म्हणतात, मुलं दंगा करतील आणि पोर्शन मागे पडेल. काही पालक म्हणतात, शिकवायचं सोडून पोरांना नुसतं बसवून ठेवणार का? तर असा तास द्यावा का, किती द्यावा, आणि शिक्षकानं समोर बसून करून घ्यावा की मुलांवर सोडावा?

मॅडम, तास जरूर द्या. आठवी-नववीला आठवड्यातून दोन, दहावीला तीन. जूनमध्ये पूर्ण देखरेखीनं सुरू करा आणि ऑगस्टपासून, मग दिवाळीनंतर अशी देखरेख टप्प्यानं कमी करत न्या. आधी गणित शिकवताना आणि पुढे पर्यवेक्षिका म्हणून वेळापत्रक लावताना हा तास चालतो कधी आणि फसतो कधी हे मी जवळून पाहिलंय. म्हणून जरा विस्तारानं लिहिते.

मूल घरी गेल्यावर अभ्यास करील, या भरवशावर आपलं सगळं वेळापत्रक बेतलेलं असतं. दाजी पेठेत, अशोक चौकाच्या मागच्या गल्ल्यांत किंवा कुंभारीच्या विडी घरकुलात संध्याकाळी दोन-चार घरी जाऊन आलेल्या शिक्षकाला हा भरवसा किती पोकळ आहे ते सांगावं लागत नाही. एक खोली, त्यात सहा माणसं. भिंतीपलीकडे यंत्रमागाचा खडखडाट. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळतेय, हजार विड्यांचा हिशोब पुरा व्हायचाय म्हणून नववीतली लेक शेजारी बसून पानं कापून देतेय. काही दिवसांआड येणारं पाणी नेमकं त्याच संध्याकाळी आलं की भांडी, बादल्या, पिंप भरेपर्यंत सगळं घर नळाशी. थोरला मुलगा कांड्या भरायला गेलेला. या घरांना शिक्षणाची आच नाही असं कुणी म्हटलं तर मला राग येतो. आच भरपूर आहे, पोटाला चिमटा काढून फी भरतात. नसते ती जागा, आणि सलग अर्ध्या तासाची शांतता. ती फक्त शाळेकडे आहे.

मग शाळा सुटल्यावर तासभर थांबवावं, असं कुणीतरी हमखास सुचवतं. पाचला सुटणारी शाळा सहाला सोडली तर हिवाळ्यात मुली अंधारात घरी पोचतात. पहिल्या आठवड्यात सगळ्या थांबतात, दुसऱ्या आठवड्यापासून एकेक पालक चिठ्ठी पाठवू लागतो, आणि शेवटी ज्यांना घरीही टेबल-खुर्ची आहे तीच मुलं उरतात. म्हणून तास शाळेच्या वेळेतच हवा.

आता तो फसतो कुठे ते सांगते. बहुतेक शाळांत वेळापत्रकात ‘स्वयंअध्ययन’ असं लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात तो ऑफ तास असतो. कुणी शिक्षक रजेवर, कुणी प्रशिक्षणाला, कुणी निवडणुकीच्या कामाला, की बदली तासाला जो मोकळा असेल तो वर्गावर जातो, ‘अभ्यास करा रे’ म्हणतो आणि सहामाहीचे पेपर तपासायला बसतो. मुलांना दोन्हींतला फरक लगेच कळतो. ‘अभ्यास करा’ या दोन शब्दांत नेमकं काय करायचं ते कुठेच नसतं. मग हुशार मूल राहिलेला गृहपाठ उरकतं, मधलं मूल त्याच्यावरून उतरवून काढतं, आणि उरलेली खिडकीबाहेर बघतात. चाळीस मिनिटं त्यांनी तरी दुसरं काय करायचं?

अमेरिकेतल्या हायस्कुलांत ‘स्टडी हॉल’ नावाचा तास वेळापत्रकातच असतो. मोठ्या खोलीत वेगवेगळ्या वर्गांची मुलं बसतात आणि एक शिक्षक लक्ष ठेवतो. तिथल्याही तक्रारी ओळखीच्याच आहेत: मुलांची नुसती गर्दी, हाताला काम नाही, वेळ काढणं चाललेलं. तासाला नाव दिलं म्हणून अभ्यास होत नाही, हे तिथंही तितकंच खरं आहे.

माझं म्हणणं असं, की या तासात मुलानं खरं शिकायचं असतं ते आपण काय अभ्यासायचं हे ठरवणं. धडा शिकवायला बाकीचे तास आहेतच. पहिलीपासून दहावीपर्यंत मुलाला प्रत्येक मिनिटाला कुणीतरी सांगत असतं: हे लिही, ते उतरव, पान उलट. अकरावीला दयानंद किंवा संगमेश्वर कॉलेजला गेला की एकदम कुणीच काही सांगत नाही. दहावीला चांगले गुण मिळवलेली मुलं तिथं का चाचपडतात, याचं मोठं कारण मला हेच वाटतं. ठरवण्याची सवय कुणी लावलेलीच नसते, आणि ती आपोआप लागत नाही.

म्हणून तासाची पहिली पाच मिनिटं लिहिण्याची. शंभर पानी साधी वही, नाव ‘अभ्यास नोंदवही’. तारीख घालायची आणि एका ओळीत आज काय करणार ते लिहायचं. ‘गणित करणार’ चालणार नाही. ‘विज्ञान वाचणार’ तर मुळीच नाही. ‘बीजगणित, सरावसंच 2.4, पहिली चार वर्गसमीकरणं सूत्राने, सोडवलेली उदाहरणं न बघता’ असं हवं. ओळ वाचून तिसऱ्या माणसालाही काम झालं की नाही ते तपासता आलं पाहिजे. सुरुवातीचे काही आठवडे शिक्षकाची सगळी ताकद या एका ओळीवर खर्च करावी. मुलं भयंकर मोठमोठं लिहितात: ‘अख्खा इतिहास’. त्यांच्याशेजारी उभं राहून विचारायचं, चाळीस मिनिटांत? कुठलं पान? झालं हे कशावरून कळणार?

मधला अर्धा तास मुलाचा. या वेळात शिक्षकानं फळ्यापाशी उभं राहून काही समजावायचं नाही. समजावण्याचा मोह फार होतो. एकानं शंका विचारली की आपण खडू उचलतो आणि अभ्यासाचा तास शिकवण्याचा होऊन जातो. मी तर शिक्षकाची खुर्ची वर्गाच्या मागच्या बाजूला ठेवायला सांगते. मागून वह्या दिसतात, आणि मुलांचं लक्ष दर दोन मिनिटांनी बाईंच्या चेहऱ्याकडे जात नाही.

शेवटची पाच मिनिटं पुन्हा वहीची. दोन ओळी: काय जमलं, कुठे अडलं. या ‘अडलं’ वर मी पुढे येते, कारण सगळी व्यवस्था त्यावर उभी आहे.

अभ्यास कसा करावा हेही दाखवावं लागतं. मुलांना अभ्यास म्हणजे वाचणं असंच वाटतं. तीच पानं तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, अधोरेखित करत. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी 1885 साली स्वतःवरच केलेल्या प्रयोगांतून दाखवलं, की शिकलेलं आपण सुरुवातीला झपाट्यानं विसरतो आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. त्यावरचा उपायही प्रयोगांतून पुढे आला. अमेरिकेतल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी कागद बाजूला ठेवून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे सरस ठरले. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. पुन्हा वाचणाऱ्या मुलाला ‘सगळं येतंय’ असं त्या दिवशी खरोखरच वाटत असतं, आणि घटक चाचणीला कोऱ्या कागदासमोर ते हडबडतं.

वर्गात हे कसं दिसतं ते एका उदाहरणानं सांगते. दहावीच्या भूमितीतलं पहिलंच प्रकरण समरूपता, त्यातलं प्रमाणाचं मूलभूत प्रमेय. त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर रेषा काढली तर ती उरलेल्या दोन बाजूंना एकाच प्रमाणात विभागते. एक मुलगी पुस्तक मिटून सिद्धता लिहायला बसली. आकृती बरोबर. दोन रेषाखंड जोडले, तेही बरोबर. क्षेत्रफळांची दोन गुणोत्तरं लिहिली आणि कंसात कारण: समान उंचीचे त्रिकोण. पुढची पायरी, दोन त्रिकोणांची क्षेत्रफळं समान, हे विधान तिला पाठ होतं, तेही लिहिलं. पण पुढचा कंस रिकामा. पेन तिथंच थांबलं. तिनं पुस्तक उघडायला हात नेला, पुन्हा मागे घेतला, आकृतीत त्या दोन त्रिकोणांवर पेन्सिलीनं रेघा मारल्या आणि बघत बसली. बऱ्याच वेळानं हळूच म्हणाली, ‘बाई, पाया एकच आहे की ओ दोघांचा.’ मग उंची समान का, कारण रेषा समांतर, हे तिचं तिलाच सुचलं. फळ्यावर हीच सिद्धता तिनं आधी उतरवून घेतली होती, सुवाच्य अक्षरात, कंसासकट. त्या रिकाम्या कंसासमोर तिला थांबू देणं, एवढ्यासाठी हा तास असतो. अशा वेळी आपण ‘अगं, पाया सामाईक’ म्हणून पुढे जाऊ नये. जीभ आवरायला शिकणं हे देखरेख करणाऱ्या शिक्षकाचं मोठं काम आहे.

त्यावरूनच आणखी एक. भूमिती सोमवारी शिकवली तर तिचा अभ्यासाचा तास सोमवारी नको. बुधवारी किंवा गुरुवारी ठेवा. थोडं विसरल्यावर आठवायला जे कष्ट पडतात त्यातूनच ते पक्कं होतं.

गाईड या तासात दप्तरात राहील. पाठ्यपुस्तक, वही, कंपास, शब्दकोश, बस. पुस्तकातल्या क्यूआर कोडसाठी फोन आणू द्या, असं काही मुलं सांगतील. त्याला वेगळा तास, वेगळी जागा.

आता देखरेख कमी करत नेणं. जून-जुलैत काम शिक्षक ठरवून देईल, मूल फक्त ओळ नीट लिहील. ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत तीन कामं फळ्यावर, त्यांतलं एक मुलानं निवडायचं आणि का निवडलं ते चार शब्दांत लिहायचं. दिवाळीनंतर काम पूर्ण मुलाचं. दहावीची ज्यांची वही सलग महिनाभर ठीक आहे, त्यांना ग्रंथालयात किंवा मोकळ्या वर्गात आपापलं बसू द्यावं. शिक्षकानं मध्ये एखादी चक्कर मारावी. कुणाचं घसरलं तर तो पंधरा दिवस पुन्हा वर्गात बसेल, न ओरडता, न नाव पुकारता.

ही मोकळीक कुणाला द्यायची, यावर माझं मत ठाम आहे. शाळा काय करतात? गुणवत्ता यादीतली मुलं ग्रंथालयात, आणि नापासाच्या काठावरची मुलं शिक्षकाच्या नजरेखाली. मग ज्याला ठरवायला शिकण्याची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच कधी ठरवू दिलं जात नाही. मोकळीक गुणांवर देऊ नका. लिहिलेली ओळ आणि झालेलं काम जुळतंय का, एवढंच बघा. पस्तीस-चाळीस टक्क्यांचा एखादा मुलगा ‘दोन उदाहरणं करणार’ लिहून खरोखर दोन करतो आणि ‘तिसरं सुरू केलं, छेद काढता आला नाही’ असं लिहितो. तो ग्रंथालयात बसायला पूर्ण लायक आहे. नव्वदवाला ‘सगळं प्रकरण’ लिहून गप्पा मारत असेल तर तो वर्गातच बरा.

तुमच्या भागापुरतं अगदी महत्त्वाचं: भाषा. घरी तेलुगू, काही घरी कन्नड, शाळा मराठी. इतिहासाच्या पानावरची वाक्यं ही मुलं मोठ्यानं खणखणीत वाचतात आणि अर्थ मात्र निसटलेला असतो. अभ्यासाचा तास म्हणजे कडकडीत शांतता असा नियम केलात तर हीच मुलं सगळ्यात जास्त मागे पडतील. वर्गाचा एक कोपरा कुजबुजीचा ठेवा. दोघींनी परिच्छेद वाचावा, काय कळलं ते तेलुगूत बोलावं, आणि मग पुस्तक मिटून चार ओळी मराठीत लिहाव्यात. तेलुगूत बोलल्याबद्दल कुणी रागावता कामा नये. जी गोष्ट आपल्या भाषेत धड सांगता येत नाही, ती दुसऱ्या भाषेत लिहिताना पाठांतराखेरीज काही हाती लागत नाही. उरलेल्या वर्गात शांतता हवी, तीही हळूहळू येते. मागाच्या आवाजात वाढलेल्या मुलांना सुरुवातीला शांतताच बोचते; जूनमध्ये सलग दहा मिनिटं जमली तरी चांगलं म्हणा.

वेळ कुठली? शेवटचा तास देऊ नका, जेवणानंतरचा पहिलाही नको. सोलापूरचा मार्च सोडा, ऑक्टोबरमध्येसुद्धा दुपारी दोन-अडीचला पत्र्याच्या वर्गात पुस्तक उघडून बसलेलं मूल पेंगतंच, त्यात त्याचा दोष नाही. तिसरा किंवा चौथा तास उत्तम. गणित-विज्ञानाचे शिक्षक हे तास सोडायला तयार नसतात, तेव्हा आठवड्यातला निदान एक तरी सकाळचा मिळवा. सकाळची शाळा सुरू झाली की प्रश्न सुटतो.

पोर्शनची भीती खरी आहे, ती उडवून लावू नका. आठवड्याचे 45 ते 48 तास धरले तर दोन तास म्हणजे साधारण चार टक्के. ते आणायचे कुठून? खेळ, चित्रकला, कार्यानुभव यांना हात लावू नका; घरात जागा नसलेल्या मुलाला मैदानही शाळेतच मिळतं. ज्या विषयांना आठवड्याला सहा-सात तास आहेत त्यांतून एकेक घ्या. त्या तासांतला बराच वेळ स्वाध्यायाची उत्तरं फळ्यावर लिहिण्यात आणि मुलांनी ती उतरवण्यात जातोच. तेच स्वाध्याय मुलं अभ्यासाच्या तासात स्वतः करतील. सहामाहीपर्यंत थोडं मागे पडल्यासारखं वाटेल. जानेवारीत पूर्वपरीक्षेच्या तोंडावर उजळणीला जो वेळ लागायचा तो कमी लागतो, तेव्हा भरून निघतं.

वर्गात साठ-पासष्ट मुलं असतील तर एका शिक्षकाला हे झेपणार नाही. प्रयोगशाळेच्या तासाला वर्गाचे दोन गट करताच, तेव्हा एक गट प्रयोगाला आणि दुसरा अभ्यासाला, पुढच्या वेळी उलट. तीस मुलांच्या वह्या मागच्या खुर्चीतून नीट दिसतात. हा तास शिक्षकाच्या कार्यभारात धरा, आणि सगळाच क्रीडाशिक्षक व कलाशिक्षकांच्या गळ्यात घालू नका. एकच अट घाला: या तासाला पेपर तपासायला आणायचे नाहीत. आणि हा तास बदलीसाठी कधीही वापरायचा नाही, हे मुख्याध्यापकांनी स्वतः पाळावं. एकदा जरी ‘आज अभ्यासाचा तास आहे ना, मग इंग्रजी घ्या’ झालं, की मुलांना त्याची किंमत कळते.

आता ‘अडलं’ची ओळ. रोज सगळ्या वह्या तपासणं अशक्य आहे, गरजही नाही. प्रत्येक तासाला आठ-दहा वह्या उचलायच्या, फक्त ही ओळ वाचायची. गुण द्यायचे नाहीत, लाल रेघ मारायची नाही. दहावीला गणिताचे 80 गुण लेखी आणि 20 अंतर्गत असतात. त्या 20 शी या वहीचा संबंध जोडलात तर दुसऱ्या दिवसापासून कुणाचंच काही अडणार नाही, सगळ्यांचं सगळं ‘जमलं’ असेल. वाचलेल्या ओळी विषयवार एका कागदावर लिहून शनिवारी त्या त्या विषयशिक्षकाला द्यायच्या. त्यानं पुढच्या आठवड्यात आपल्या तासाची सात-आठ मिनिटं त्यावर घालायची. ‘छेद काढता येत नाही’ हे एकाच वर्गातल्या पंधरा वह्यांत आलं, तर ते पाचवी-सहावीतलं राहिलेलं आहे आणि वर्गसमीकरणांआधी त्याची सोय करावी लागणार. अशी माहिती घटक चाचणीच्या गुणांतून कधीच मिळत नाही. पण हे त्याच आठवड्यात झालं पाहिजे. ‘अडलं’ लिहून कुणी दखलच घेत नाही असं दोन-तीनदा दिसलं की मुलं लिहायची थांबतात, आणि मग ती सवय परत लावणं फार कठीण. विषयशिक्षक याला तयार नसतील तर आधी त्यांच्याशी बोला, तास नंतर सुरू करा.

पालकांसाठी पहिल्या सहामाहीनंतरच्या सभेत मुलाच्याच हातात वही द्या आणि त्यालाच आईला दाखवू दे, घरच्या भाषेत: जूनमध्ये काय लिहीत होतो, आता काय लिहितो. वाचता न येणाऱ्या आईलाही मूल आपल्या कामाबद्दल काहीतरी नेमकं सांगतंय हे कळतं. ‘बसवून ठेवता का’ हा प्रश्न त्यानंतर फारसा येत नाही, असा माझा अनुभव आहे.

सगळ्या वर्गांना एकदम लावू नका. यंदा नववीच्या एकाच तुकडीपासून सुरू करा, ज्यांना हे मनापासून पटलंय असे दोन शिक्षक निवडा, आणि वेळापत्रकात तासासमोर त्यांचं नाव लिहा. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत हजेरी रोडावते, पूर्वपरीक्षाही जवळ आलेली असते, तेव्हा हा तास काढून जादा तास लावायचा आग्रह होईल. त्या आठवड्यातही तो ठरल्या वेळी, आलेल्या मुलांना घेऊन होऊ द्या.